अंग शिकतंय

ताई : ती बाटली टेबलावर नको. खाली खोक्यात ठेव.

भाऊ : अगं, मी नुसती पुसतोय.

ताई : पुसायचीही नाही. आज परागाची एकही बाटली या खोलीच्या बाहेर जाणार नाही. बाजारात नाही, कुणाच्या घरी नाही.

भाऊ : सकाळी सकाळी हुकूम सुटले! चहा तरी घेतलास का?

ताई : तू घोरत होतास तेव्हाच घेतला. आणि मागे जाऊन सगळ्या पेट्यांच्या दारातल्या जाळ्या काढून आले.

भाऊ : सगळ्या? बावीसच्या बावीस?

ताई : बावीसच्या बावीस. आता माश्या पायाला पराग लावून थेट आत जाताहेत. दारात कुणी त्यांचे पाय खरवडत नाही. त्यांच्या पिल्लांचं खाणं त्यांच्याच घरी पोचतंय.

भाऊ : ताई, ऐन फुलांचा महिना आहे गं. आत्ता नाही गोळा करायचा तर कधी? एका माणसाला जरा त्रास झाला म्हणून तू सगळं दुकानच गुंडाळायला निघालीस?

ताई : जरा त्रास? तू तिथेच होतास ना काल? आपल्याच टेबलासमोर उभे होते ते खेळाचे शिक्षक. चांगला धिप्पाड माणूस. अर्धा चमचा तू स्वतः त्यांच्या तळहातावर घातलास, चव तर बघा म्हणून. दहा मिनिटं झाली नाहीत तोवर ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. याला जरा त्रास म्हणतात?

भाऊ : मी काय पळून गेलो का? मीच त्यांना खुर्ची दिली.

ताई : खुर्ची तू दिलीस, खरंय. पण समोरचा औषधवाला दुकान उघडं टाकून धावत आला म्हणून ते वाचले. त्याला बघताक्षणी कळलं काय होतंय ते. त्यानं गाडी बोलावली. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन टोचलं, तेव्हा कुठे त्यांचा श्वास मोकळा झाला. तू टेबल आवरत होतास. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, संध्याकाळपर्यंत.

भाऊ : तू तरी कशाला बसलीस तेवढा वेळ? त्यांच्या घरचं कुणी आलं असेल ना?

ताई : बायको आली. माझ्या शेजारीच बसली. थोड्या वेळानं म्हणाली, तुम्ही त्यांच्या कोण? आता काय सांगायचं? सांगितलं, मी कुणी नाही, मधमाश्या माझ्या, ते मीच दिलं.

भाऊ : अगं, असं कुणी आपल्या तोंडानं कबूल करतं का? दिलं तर मी होतं!

ताई : पराग माझ्या पेट्यांतला. बाटली भरली मी. बायको नुसती सरकून बसली, लांब. ती जी हातभर जागा मोकळी राहिली ना बाकावर, ती रात्रभर डोळ्यांसमोर होती माझ्या.

भाऊ : ते बरे आहेत ना पण आता?

ताई : आहेत. घरी गेले. डॉक्टरांनी मला आत बोलावून विचारलं, हे विकता का तुम्ही? म्हटलं, हो. म्हणाले, या माणसाला दर वर्षी फुलोरा आला की शिंका येतात, डोळे चुरचुरतात. हवेतल्या परागाचाच त्रास आहे त्यांना. आणि तुम्ही तोच चमच्यानं खायला दिलात.

भाऊ : ते काय मला माहीत असणार? कपाळावर लिहिलेलं असतं का?

ताई : नसतं. म्हणूनच विचारायला हवं होतं. आपण विचारलं का कधी कुणाला?

भाऊ : ताई, शेंगदाण्यानं कुणाला त्रास होतो, अंड्यानं कुणाला होतो. म्हणून काय जगानं शेंगदाणे खायचे बंद केले? लेबलवर एक ओळ टाकू. आधी चिमूटभर घेऊन बघा, मग हळूहळू वाढवा. झालं!

ताई : मी तेच विचारलं डॉक्टरांना. आणि स्वतःवरच खूश झाले होते विचारताना. ते म्हणाले, ज्याला वावडं आहे त्याला चिमूटही पुरते. चार दिवस काही होत नाही, पाचव्या दिवशी होतं. आणि होईल तेव्हा जवळपास औषधवाला असेलच असं नाही.

भाऊ : आणि ज्यांना फायदा झाला त्यांचं काय? त्या पाळणाघरवाल्या बाई दर महिन्याला दोन नेतात. म्हणतात अंगात तरतरी आली.

ताई : आली असेल. नसेलही. डॉक्टर म्हणाले, ताकद येते, थकवा जातो, हे सगळं लोक सांगतात, पण नीट तपासून कुणी सिद्ध केलंय असं त्यांना तरी माहीत नाही. मग मी घरी येऊन आपलं लेबल वाचलं. पहिल्यांदाच चष्मा लावून वाचलं बघ. 'लहानथोरांसाठी. कुठलेही दुष्परिणाम नाहीत. शंभर टक्के निसर्ग.' कुठून आणलंस हे?

भाऊ : सगळेच लिहितात.

ताई : काल ते शिक्षक ज्यानं निळे पडले तेही शंभर टक्के निसर्गच होतं.

भाऊ : बरं बाई, हरलो. नवीन लेबल करतो.

ताई : लेबल ज्या बाटल्या इथे आहेत त्यांचं बदलशील. ज्या लोकांच्या घरी गेल्यात त्यांचं काय? माझ्या वहीत आहे सगळं. कुठली बाटली कुठल्या पेट्यांतली, कुणी नेली. एकेचाळीस बाटल्या आहेत बाहेर. आज सगळ्यांना फोन करायचे.

भाऊ : एकेचाळीस फोन! आणि म्हणायचं काय? आम्ही विकलं ते खाऊ नका? आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा? ताई, तुला कल्पना आहे का हे लोक माझ्याशी कसे बोलतात? तीस वर्षं मी बसमध्ये घंटी ओढली. तीस वर्षं माणसं माझ्याशी एवढंच बोलली, पुढचा थांबा कुठला आणि सुटे आहेत का. रिटायर झालो, तुझ्या टेबलामागे उभा राहिलो, आणि लोक विचारायला लागले, भाऊ, गुडघा दुखतो, काय घेऊ? भाऊ, झोप येत नाही, काय करू? माझं ऐकतात गं ते. डोळे मोठे करून ऐकतात. आणि आता मीच फोन करून सांगू, मला काही कळत नव्हतं?

ताई : तुला घरात वकील म्हणायचे ते उगाच नाही. जमेल तेवढं बोलून घे. मी फोन लावते.

भाऊ : माझ्याच फोनवरून?

ताई : लेबलवर तुझाच नंबर आहे ना? लोक ओळखतील. दे इकडे. तू वहीतले नंबर वाच.

भाऊ : वाचतो. पहिले ग्रंथपाल. सातशे... हे सात आहे की एक? तुझं अक्षर म्हणजे माश्यांनीच लिहिल्यासारखं.

ताई : सात. हॅलो, ग्रंथपाल ना? मधमाश्यांवाली बोलतेय, बाजारातली... हो, भाऊंची बहीण. नाही, पैशांचं काही नाही. परागाची बाटली नेली होतीत ना तुम्ही? जरा चार गोष्टी विचारायच्या आहेत. घरात कुणाला दर वर्षी शिंकांचा, डोळे खाजण्याचा त्रास आहे का? दमा? नाही... रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का कुणाला? ... तुम्हालाच? कधीपासून? ... आणि पराग किती दिवस घेताय? ... नाही, घाबरू नका. पण आजपासून घेऊ नका. आणि ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना सांगा, मी हे खात होतो म्हणून. गोळीचा असर कमीजास्त होऊ शकतो म्हणे यानं... दंडावर निळे डाग? मग उद्यावर टाकू नका, आजच जा. हो. बाटली मी घरी येऊन नेते. ठेवू?

भाऊ : काय म्हणाले?

ताई : म्हणाले, वाटलं म्हातारपणामुळे डाग पडतात. महिनाभर कुठेही जरा आपटलं की निळं पडतंय.

भाऊ : मला त्यांनी सांगितलंच नाही गोळीचं.

ताई : तू विचारलंस?

भाऊ : पुढचा नंबर घे. पाळणाघरवाल्या.

ताई : हॅलो, पाळणाघर? बाजारातली मधमाश्यांवाली... छान, छान. ऐका ना, परागाबद्दल फोन केला. तुम्ही एकट्याच घेता की... सुनेला पण? तिला पाचवा महिना? ... अहो, नाही हो, मला माहीत नव्हतं. दिवस गेलेल्या बाईनं घेतलं तर काय होतं, हे कुणी नीट तपासलेलंच नाही. पाजणाऱ्या बाईलाही नको म्हणतात. तिला थांबवा, आणि तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. ... भाऊ म्हणाले होते बाळाला चांगलं? ... हो, ते इथेच आहेत. ऐकताहेत.

भाऊ : बघू नकोस माझ्याकडे असं.

ताई : मी कुठे बघतेय? मी वही बघतेय. अजून एक शेवटचं विचारते हं बाई. खाल्ल्यावर कधी तोंडाला खाज, ओठ जड झाल्यासारखे, घशात काही अडकल्यासारखं, असं काही? ... नाही ना? तुमच्या तोंडात साखर पडो. ठेवते. पुढचा नंबर वाच. भाऊ? नंबर!

भाऊ : तू शेवटी काय विचारलंस आत्ता?

ताई : औषधवाल्यानं कागदावर लिहून दिलंय. सुरुवात कशी होते ते. तोंडाला खाज, ओठ जड, घशात अडकल्यासारखं. असं झालं की तिथेच थांबायचं, परत हात लावायचा नाही. पुढच्या वेळी नुसत्या खाजेवर भागेल याची खात्री नाही.

भाऊ : परत हात लावायचा नाही?

ताई : अजिबात नाही. का रे? तोंडचं पाणी का पळालं तुझ्या?

भाऊ : ताई, मला एक फोन आला होता.

ताई : कधी?

भाऊ : झाले काही दिवस. एक बाई होत्या. म्हणाल्या, पराग खाल्ला की तोंडाला खाज सुटते, ओठ जड होतात. हे बरं आहे ना, म्हणाल्या.

ताई : आणि तू काय म्हणालास?

भाऊ : बसून घे आधी.

ताई : मी उभीच बरी आहे. काय म्हणालास?

भाऊ : म्हटलं, काळजी करू नका, लागू पडतंय. अंग शिकतंय. म्हटलं, सोडू नका, उलट एकाचे दोन चमचे करा, म्हणजे लवकर सवय होईल.

ताई : देवा! भाऊ, हे कुणी शिकवलं तुला?

भाऊ : तू.

ताई : मी?

भाऊ : तूच! मी रिटायर होऊन इथे आलो, पहिल्याच आठवड्यात मला सात माश्या चावल्या. हात असा फुगला की बाही फाडून काढावी लागली. मी म्हटलं, उद्यापासून येत नाही. तू हसलीस. म्हणालीस, सुजू दे, अंग शिकतंय. दहा वेळा चावली की अकराव्या वेळी कळणारही नाही. आणि तसंच झालं ना? आता डंख बसला तर मी नुसता काटा काढून टाकतो. मी म्हटलं, जे डंखाचं तेच परागाचं. माशी तीच, घर तेच. ओरड आता माझ्यावर.

ताई : कुणावर ओरडू? वाक्य तर माझंच आहे. मला आपल्या आईनं सांगितलं होतं, मी तुला सांगितलं. आणि डंखाच्या बाबतीतही ते सगळ्यांना लागू नाही रे. काहींचं अंग शिकतं, काहींचं दर वेळी जास्त बिघडत जातं. आपलं शिकलं म्हणून आपल्याला वाटलं सगळ्या दुनियेचं शिकतं. कोण होत्या या बाई?

भाऊ : नाव नाही माहीत.

ताई : आवाज?

भाऊ : हळू बोलत होत्या. मागे सारखं फुस्स, फुस्स चाललं होतं. वाफेसारखं.

ताई : वाफ. खाणावळ? लॉन्ड्री? वहीत इस्त्रीवाली कुणी नाही. टेबलावरून उचलून पैसे ठेवून गेलेल्यांची नोंद करायची कधी कधी राहून जाते. दिवस कुठला होता?

भाऊ : ते नाही आठवत. पण मी शिडीवर होतो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात टोपली. त्या शेवटच्या पेटीतला थवा उठून झाडाला लटकला होता आणि तू खालून ओरडत होतीस, हलू नकोस, हलू नकोस. माझ्या भुवईवर नुकतीच एक चावली होती, डोळा मिटत चालला होता. मी त्या बाईंना म्हटलंसुद्धा, अहो, माझा आत्ता डोळा बंद झालाय आणि मी हसतोय, तुम्ही खाजेला काय घाबरता?

ताई : थवा उठला तो दिवस? मग आहे की! पेट्यांच्या वहीत लिहिलंय मी. थांब. पेटी बावीस... राणी नवीन... हे बघ, बारा तारीख. थवा उठला सव्वादहाला, टोपलीत आला साडेअकराला. तुझा फोन उघड. बारा तारखेला या दोन वेळांच्या मध्ये कुणाचा आहे बघ.

भाऊ : बारा... बारा... गॅसवाला. आपली धाकटी. आणि हा एक नंबर. दहा बावन्न. याला नाव नाही. चार मिनिटं बोललोय.

ताई : लाव.

भाऊ : ताई, आज सत्तावीस तारीख आहे.

ताई : मोजता येतं मला. लाव.

भाऊ : पंधरा दिवस दोन दोन चमचे...

ताई : भाऊ, रडायचं तर मग रड. आधी लाव.

भाऊ : वाजतोय... वाजतोय... उचलत नाहीत.

ताई : परत.

भाऊ : नाही उचलत. कामात असतील. की...

ताई : 'की' नको. परत लाव.

भाऊ : ताई, उचलला तर तू बोल. तुझं ऐकतील त्या. तू शांतपणे सांगतेस.

ताई : नाही. हा एक फोन माझा नाही. राहिलेले एकोणचाळीस मी करते, लोकांच्या शिव्या मी खाते. यांच्याशी तू बोलायचं.

भाऊ : मला नाही जमणार.

ताई : जमेल. खोटं असताना चार मिनिटं बोललास. खरं बोलायला तेवढीही लागणार नाहीत. आणि वकिली नको. लोक म्हणतात, पुस्तकात लिहिलंय, सगळेच सांगतात, असं काही मध्ये घालू नकोस. लाव.

भाऊ : वाजतोय. ताई, उचलला. उचलला!

(फोन स्पीकरवर. मागे इस्त्रीच्या वाफेचा फुसकारा, थांबून थांबून.)

बाई : हॅलो? कोण बोलतंय?

भाऊ : बाई, मी... मी मधमाश्यांवाला. बाजारातला. भाऊ.

बाई : अगं बाई, भाऊ तुम्ही! आणि मी म्हटलं कोण सारखं वाजवतंय. हात गुंतले होते हो. हॉटेलच्या चादरी आल्यात, शंभरेक. बोला ना.

भाऊ : तुमचा आवाज बसलाय का?

बाई : बसलाय थोडा. आठवडाभर असाच आहे. तुम्ही म्हणाला होतात ना, होतं थोडंफार. मी सोडलं नाही बरं का. दोन चमचे म्हणजे दोन चमचे. आधी शिंकांची गोळी घेते, तिनं खाज कमी होते, मग वीस मिनिटांनी पराग. युक्ती काढली मी.

भाऊ : आज घेतला?

बाई : नाही अजून. काढून ठेवलाय बशीत, समोरच आहे. एवढी चादर झाली की घेते.

भाऊ : बाई, घेऊ नका.

बाई : काय म्हणालात? वाफेत ऐकू येत नाही नीट. थांबा, मशीन बंद करते. हं, बोला.

भाऊ : घेऊ नका म्हणालो. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. ती बशी बाजूला सारा. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.

बाई : चुकीचं कसं? तुमचा तर डोळा बंद झाला होता आणि तुम्ही हसत होतात.

भाऊ : ते माशीच्या डंखाचं होतं. माझ्या अंगाला त्याची सवय झाली म्हणून मला वाटलं सगळ्यांच्या अंगाला सगळ्याचीच होते. नाही होत, बाई. तुमचं अंग शिकत नव्हतं. नको, नको म्हणत होतं. आणि मी त्याला गप्प बस म्हणालो.

बाई : पण मला बरं वाटतंय हो भाऊ. पाय कमी दुखतात. दिवसभर उभं राहायचं काम आमचं. आणि गेल्या आठवड्यात तर जास्तच झालं होतं एकदा, तरी मी निभावून नेलं.

भाऊ : काय झालं होतं?

बाई : घसा असा आवळल्यासारखा झाला. श्वास अर्धाच आत जायचा. इथे चादरींच्या गठ्ठ्यावर बसून राहिले अर्धा तास. शेजारचा चांभार म्हणाला, चला दवाखान्यात. मी म्हटलं, नाही रे, अंग शिकतंय माझं. मग उतरलं हळूहळू. मला तर अभिमानच वाटला. म्हटलं, आपणही टिकलो.

ताई : बोल, भाऊ.

भाऊ : बाई, काल आमच्या टेबलावर एका माणसाला मी अर्धा चमचा दिला. त्यांचा श्वास कोंडला. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून आज आहेत. तुम्हाला त्या दिवशी जे झालं ते तेच होतं. तुम्ही टिकलात ते नशीब. माझ्या सांगण्यानं नाही.

बाई : म्हणजे मी...

भाऊ : हो.

बाई : आणि ती गोळी?

भाऊ : ती खाज दाबते. घसा बंद व्हायला लागला तर तिच्यानं थांबत नाही. तिच्या भरवशावर राहू नका. आज डॉक्टरकडे जायचं, पंधरा दिवस काय काय झालं ते सगळं सांगायचं. आणि परत कधी श्वास अडकला, तर गठ्ठ्यावर बसायचं नाही. चांभाराला हाक मारायची आणि सरळ दवाखाना.

बाई : तुम्ही रागावू नका, पण एक विचारू? माझी मुलगी म्हणत होती, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, अगं, डॉक्टर 'बघू, तपासू' म्हणतात. भाऊ कसे खात्रीनं बोलले. मला ती खात्री आवडली हो तुमची.

भाऊ : मलाही आवडायची, बाई.

बाई : मग पंधरा दिवस मी जे सोसलं, ते कशासाठी?

भाऊ : तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. तोंडावर बोलायचं असेल तर दुकान कुठे आहे ते सांगा, मी येतो. दवाखान्यात मी बरोबर येईन. चादरी राहिल्या तर ताई हात लावेल.

ताई : लावेन, बाई. मला इस्त्री चांगली येते.

बाई : कोण, बहीण का तुमची? नको हो, चादरींचं बघेल मुलगी. पुलाच्या अलीकडे, छापखान्याच्या शेजारी दुकान आहे. मी बशी सारली बाजूला. सांडली थोडी. राहू दे.

भाऊ : हात धुवून टाका. आणि तिथे चांभार आहेत ना आत्ता?

बाई : आहेत, समोरच आहेत. बघताहेत माझ्याकडे, ही मशीन बंद करून कुणाशी बोलतेय म्हणून.

भाऊ : मी येईपर्यंत त्यांच्याजवळ बसा. मी निघालोच.

बाई : भाऊ, पण मग थकव्याला मी काय घेऊ? काही दुसरं आहे का तुमच्याकडे? तुम्ही म्हणाल ते घेते.

भाऊ : मला माहीत नाही, बाई.

बाई : काय म्हणालात?

भाऊ : मला माहीत नाही.

बाई : एवढंच त्या दिवशी म्हणाला असतात, तरी चाललं असतं की हो मला.